येथे रेघ मारू नये

रविवार, डिसेंबरातला शेवटचा. सकाळी, दुसऱ्या चहानंतर.

हजर: मी, माझे यजमान, म्हणजे निदान शरीराने, गल्ली समितीचे अध्यक्ष, आणि कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, कारण सगळे त्याच्याच शटरसमोर जमले होते आणि तो बिचारा उठून जाणार कुठे. गैरहजर: 'ही फेरी झालीच पाहिजे' असं ग्रुपवर ठणकावून लिहिणारे सगळे.

काळेवाडीतली आमची गल्ली काँक्रीटची होणार होती. पालिकेच्या इंजिनिअरने अध्यक्षांना बजावलं होतं की लोकांनी रस्त्यावर जे काही रोवलं, पुरलं, रंगवलं आणि टांगलं आहे, ते काम सुरू व्हायच्या आत काढून घ्या. नाहीतर जेसीबी काढेल, आणि जेसीबी विचारत नाही. तेव्हा काय काय काढायचं याची यादी करायची होती. यादी म्हटलं की गल्लीतल्या सगळ्या माना आमच्या दाराकडे वळतात. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे हे माहीत असणं हे माझं काम आहे. घरीही फ्रिजवर यादी असते. यजमान तिला 'नोटीस' म्हणतात आणि नोटिशीकडे जसं करतात तसंच तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

आमची गल्ली वीसेक घरांची. एका टोकाला गॅरेज, दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या एका वर्कशॉपची भिंत, म्हणजे पुढे वाट नाही. मध्येच उजवीकडून एक बोळ येऊन मिळतो. या एवढ्याशा जागेत मी इतकी वर्षं राहते, पण हातात वही घेऊन पाट्या वाचत चालण्याची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. अर्ध्या वाटेतच माझं मत झालं. आमच्या गल्लीत सगळ्यात मुबलक काही असेल तर ती मनाई. पाणी एक दिवसाआड येतं, मनाई चोवीस तास.

सुरुवात देवांपासून झाली. गॅरेजलगतच्या भिंतीवर लोक लघवी करतात म्हणून तिथे कुणीतरी देवांच्या फरश्या बसवल्या आहेत. गणपती, दत्त, शेजारी मक्का-मदिना, एक क्रॉस. कुणाला वगळायला नको म्हणून सगळ्यांना कामाला लावलंय. शेवटची फरशी जिथे संपते, तिथून बरोबर एका पावलावर भिंत ओली होती.

अध्यक्ष म्हणाले, "आनखी दोन देव लावू."

"देव संपतील, भिंत संपायची नाही," मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

अध्यक्ष इथले मूळ गावकरी. ही गल्ली म्हणजे त्यांच्या वडिलांचं ज्वारीचं वावर होतं, आणि गुंठ्यागुंठ्याने विकून झालं तरी ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. कुणाच्याही दारात उभं राहून ते सांगतात, "ह्या हितं आमची इहीर व्हती." ज्याच्या दारात सांगतात तो माणूस त्या दिवसापुरता जमिनीला कान लावून झोपतो.

पुढचं घर भाड्याच्या खोल्यांचं. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून, जाड मार्करने लिहिलेली पाटी: 'रूम देणे आहे. फक्त फॅमिली.' पाटीच्या खाली जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. सगळे पुरुषी, सगळे ग्रीसने काळे. आत शिफ्टनुसार पोरं झोपतात. एक उठला की त्याच्याच गादीवर दुसरा पडतो. मी मालकिणीला विचारलं, "फॅमिली कुठाय?"

"आहेत की. सगळ्यांच्या फॅमिल्या गावाकडं आहेत," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्याच्या शेजारी 'कुत्र्यापासून सावध राहा'. टिनाच्या पत्र्यावर हाताने काढलेलं कुत्रं, दात इतके मोठे की मगर वाटावी. कुत्रं पाळलेलं कधीच नव्हतं, फक्त रंगवलेलं. समोरच्या घराने कुत्री येऊ नयेत म्हणून दारात लाल पाण्याच्या बाटल्या ओळीने टांगलेल्या आहेत. गल्लीतलं एकमेव खरं कुत्रं त्यातल्या एका बाटलीला पाठ टेकून झोपलेलं होतं. यजमान म्हणाले, "त्याला उशी मिळाली." त्या सकाळी ते एवढंच बोलले, पण बरोबर बोलले.

कंपनीत नोकरी करणाऱ्यांची घरं लांबूनच ओळखू येतात. पायऱ्यांच्या कडेला काळी-पिवळी चिकटपट्टी. गळक्या नळाला लाल 'रिजेक्ट'चं टॅग. टॅग लागलंय म्हणजे नळ दुरुस्त झाल्यातच जमा, नळ गळतोच आहे. एका घराच्या दारावर 'प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर' हे सुंदर अक्षरात रंगवलेलं आहे, आणि त्याखाली चपलांचा असा ढीग की आत जायला उडी मारावी लागते. एकाने तर कंपनीतला तो फळा घरी करून लावलाय, 'अपघाताविना गेलेले दिवस' असतो तो. फरक एवढाच की याच्यावर 'पाण्याविना गेलेले दिवस' असं लिहिलंय. कल्पना चांगली होती. पण खडू संपला तेव्हा जो आकडा होता तोच आजही आहे. पाणी येवो न येवो, फळ्यावर दुष्काळ कायम. मी विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मेसेज जायला पाहिजे ना." कुणाला? फळा गल्लीच्या आत, पालिका गल्लीच्या बाहेर.

ही माणसं एकमेकांच्या दारावर टकटक करत नाहीत. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला तोंड उघडावं लागतं, उत्तर ऐकावं लागतं. पाटीचं तसं नाही. पाटी लावली, आत जाऊन टीव्ही लावला, काम झालं. सगळी गल्ली अशी एकमेकांना पाठ करून ओरडते आहे, तीही वाईट अक्षरात.

या जातीतला सर्वश्रेष्ठ नमुना शेवटून दुसऱ्या घरात राहतो. नाव घेत नाही. गल्लीत त्यांना हवावाले म्हणतात. त्यांच्या गेटवर 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल'. समोर रस्त्यावर रंगाचे जुने डबे, त्यांत सिमेंट ओतून उभे केलेले पाईप, पाईपांना साखळी. साखळीच्या आत त्यांची स्वतःची मोटारसायकल. 'सूचना एकदाच दिली जाईल' ही सूचना त्यांनी गेटवर, खांबावर आणि डब्यावर अशी तीनदा दिली आहे. आणि ते खरंच हवा सोडतात. मागे माझ्या भावाच्या गाडीची सोडली होती.

गॅरेजवाला माझ्या वहीत डोकावून म्हणाला, "मॅडम, यांची पाटी काढू नका हां. हवा सोडणारे ते, भरणारा मी. माझ्या पोटावर पाय येतो."

आवाज ऐकून हवावाले बनियनवर बाहेर आले. एका कंपनीत क्वालिटी तपासतात. माणसाकडे बघतानाही आधी खोट शोधतात.

"माझे डबे लिहिले?" त्यांनी विचारलं.

"लिहिले. साखळीपण लिहिली."

"आणि ती रेघ लिहिली का? का फक्त माझंच दिसतं?"

ती रेघ सगळ्यांनाच दिसत होती. गॅरेजपासून निघून, डाव्या अंगाने गटाराच्या झाकणांलगत, थेट शेवटच्या घराच्या दारापर्यंत रस्त्यावर दोन पिवळ्या रेघा होत्या. एक अशी नव्हे, दोन, बरोबरीने चाललेल्या. ऑइल पेंटच्या, थोड्या वाकड्यातिकड्या. दिवाळीनंतर कधीतरी उगवलेल्या. शेवटच्या घरात काका आणि काकू राहतात. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू गुडघ्यांनी बेजार. दिवाळीत त्यांचा हैदराबादचा मुलगा चारचाकी घेऊन आला होता. तो गेला आणि रेघा आल्या. गल्लीने हिशेब जुळवून टाकला: म्हातारा-म्हातारीने मुलाच्या गाडीसाठी रस्ता आखून घेतला. दोन रेघांच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावतो, त्यात चारचाकी कशी उभी राहणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. हवावाल्यांचं म्हणणं, ही नुसती सुरुवात आहे, पुढे रुंद करतील. माझ्या वहीतही त्या 'खाजगी पार्किंगची आखणी' म्हणूनच बसल्या होत्या, कारण या गल्लीत कुणी रस्त्यावर रंग लावला तर दुसरं कारण असतं कुठे.

"आज एकदा विचारूनच टाकू," हवावाले म्हणाले. "म्हातारं माणूस म्हणून किती सोडायचं?"

आम्ही सगळे काकूंच्या फाटकाशी गेलो. काकू बाहेर आल्या. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात गॅरेजवाला म्हणाला, "थांबा, ते बघा चाचा येतायत."

काका कोपऱ्यावरून दुधाची पिशवी घेऊन येत होते. दोन रेघांच्या बरोबर मधून. चाल कडक, नजर खाली जमिनीवर. बोळ जिथे येऊन मिळतो तिथे ते थांबले. पाय जुळवले. उजव्या हाताचं बोट लांब करून उजवीकडे दाखवलं, मग डावीकडे, मग समोर. मग पुढे निघाले.

मी ते लगेच ओळखलं. आमच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर चालण्यासाठी पिवळ्या रेघांची वाट असते. तिच्या बाहेर पाय टाकायचा नाही, कारण बाहेर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट फिरतात. वाट ओलांडायची तिथे थांबायचं, बोटाने दाखवायचं, मग जायचं. हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि तो आठवड्याभरात विसरतो. साहेब आले की बोट वर, साहेब गेले की बोट खिशात. बघायला कुणी नसताना ते मनापासून करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

काका आमच्यापर्यंत आले आणि थांबले. आम्ही पाचजण काकूंच्या दारासमोर घोळका करून उभे होतो.

"या की काका," यजमान म्हणाले.

काका आले नाहीत. दूध हातात धरून, समोर बघत उभे राहिले. रागावले नव्हते, नुसते थांबले होते. यंत्र थांबतं तसे.

"अहो, रेघेतून बाहेर या सगळे!" गॅरेजवाला म्हणाला. "चाचा बाहेर पाय टाकत नाहीत. रोज मी गाड्या बाजूला करून ठेवतो सकाळी. तुम्हाला माहीत नाही?"

आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही बाजूला झालो. काकांनी फोर्कलिफ्टवाल्याला करतात तसा हात वर केला आणि सरळ चालत घरात गेले.

काकूंनी मग सांगितलं. काकू मराठवाड्यातल्या, बोलणं कमी आणि तुटक. गणपतीनंतर काका एकदा घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. संध्याकाळी सापडले हायवेच्या कडेला, जिथे पूर्वी त्यांची कंपनीची बस थांबायची तिथे, गाड्यांच्या धुरात उभे. पहिल्या शिफ्टची बस अजून कशी आली नाही, म्हणून. तेव्हापासून ग्रिलला कुलूप. काका दिवसभर ग्रिल धरून हलवायचे. पुढे एका दवाखान्यात नेलं, तिथे तपासणीच्या खोल्यांकडे जायला फरशीवर रंगीत रेघा होत्या. काकांनी काकूंचा हात सोडला आणि पिवळ्या रेघेवरून एकटेच चालत गेले. शेवटच्या खोलीपर्यंत, कुठे न चुकता.

"म्या आले आन रंग घेतला. खिडकीचा व्हता उरलेला," काकू म्हणाल्या. "दुपारी समदे झोपल्यावर बसून बसून मारली. वाकडी झाली. पर ते जायलेत, यायलेत. दूध आणायलेत. पेपर आणायलेत. कुलूप काढलं म्या."

मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "आणि रस्ता नवीन झाला की?"

"मंग काय. परत कुलूप."

अध्यक्षांनी टोपी काढून डोकं खाजवलं. हवावाले म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण नियम सगळ्यांना सारखा पाहिजे," आणि आंघोळीला निघून गेले. मी वहीतली 'खाजगी पार्किंग' खोडली.

त्या संध्याकाळी मी सगळी हकीगत ग्रुपवर लिहिली. शेवटी विचारलं, नवा रस्ता झाल्यावर रेघ पुन्हा मारायची, कोण येणार? उत्तरं धो धो आली. जोडलेले हात. रडके चेहरे. गुलाबाची फुलं. 'काकांना सलाम.' 'अशी माणसं आता होणे नाही.' एकाने सूर्योदयाचं चित्र टाकून त्यावर आईवडिलांच्या सेवेचं महत्त्व लिहिलं. त्याची स्वतःची आई गावी एकटी असते. येतो म्हणून कुणी लिहिलं नाही. मग हळूहळू अटी सुरू झाल्या. आमच्या दारासमोर जरा बारीक मारा. आमच्याकडे पिवळा नको, लग्नाचं घर आहे. पांढरा चालेल का? आणि सगळ्यात शेवटी हवावाले: 'उद्या मीपण माझ्या सासऱ्यांसाठी रेघ मारली तर चालेल का?'

'तुमचे सासरे साताऱ्यात असतात,' गॅरेजवाल्याने लिहिलं. 'तिथपर्यंत मारणार का?'

जानेवारीत गल्ली खणली. आता आमच्या लोकांची मजा बघा. आपापल्या वस्तू काढा म्हणून यादी दारोदार दिली होती; एकानेही काढल्या नाहीत, आणि जेसीबी आला तेव्हा सगळे बाहेर येऊन ऊर बडवायला लागले. हवावाल्यांनी आपला एक डबा मिठीत धरून ठेवला होता. मगरीसारखं कुत्रं चिखलात पालथं पडलं. देव तेवढे वाचले, ते भिंतीवर होते.

रस्ता बंद होता तेवढे दिवस काकूंनी ग्रिलला कुलूप लावलं. ग्रिल हलवल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. यजमानांनी एक उपाय काढला: भिंतींवर बाण काढायचे. कधी नव्हे ते स्वतःहून उठले, खडूने शेजारच्या चार भिंतींवर छान बाण काढले. फळ्या टाकून केलेल्या पायवाटेवर काकांना उभं केलं आणि म्हणाले, "काका, तो बघा बाण." काकांनी बाणाकडे बघितलं, यजमानांकडे बघितलं, आणि खाली बघून उभे राहिले. खाली रेघ नव्हती.

"ते भिंतीकडं बघतच न्हाईत," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर खाली बघूनच चालले ना."

काँक्रीट ओतलं, त्यावर ओली पोती पडली, पोती उचलली, रस्ता वाळला. आता रेघ. मी फरशीवर मारायचा टिकाऊ पिवळा रंग विकत आणला. ("पावती दाखव," यजमान म्हणाले. "स्टोअरवालीवर कोण विश्वास ठेवणार?") खिडकीचा रंग लावून चालत नाही, दोन पावसांत उडतो. सरळ रेघेसाठी दोरी निळीत बुडवून ताणायची, वर उचलून सोडायची, की जमिनीवर रेघ उमटते. मग तिच्यावरून ब्रश. मी, यजमान आणि गॅरेजवाला, रविवारी सकाळी लागलो. गल्ली गॅलऱ्यांत उभी राहून बघत होती. सूचना भरपूर मिळाल्या. 'डावीकडे जरा.' 'ताई, ब्रश ओला आहे तुमचा.' ज्याच्या दारावर 'प्रत्येक वस्तू जागेवर' लिहिलंय त्याने फोटो काढला आणि आमच्याच ग्रुपवर टाकला, खाली 'आमची गल्ली, आमचा अभिमान'. स्वतः खाली उतरला नाही.

रेघ हवावाल्यांच्या घरापर्यंत आली. ते गेटात हात पसरून उभे.

"माझ्या हद्दीत नाही."

"रस्ता पालिकेचा आहे," मी म्हटलं.

"पालिकेचा असेल, समोरचा भाग माझा आहे. आज रेघ, उद्या लोक म्हणतील इथे गाडी लावायची सोय आहे. घराची किंमत जाते. तुम्हाला नाही कळणार."

"भाऊ, दारासमोरचा एक तुकडा आहे नुसता," गॅरेजवाला म्हणाला. "पलीकडे लगेच चाचांचं घर."

"मग तेवढ्यासाठी कशाला पाहिजे रेघ? दिसतंय ना दार? चालता येत नाही का एवढं?"

दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा सांगण्यात अर्थ नसतो. आम्ही त्यांच्या पायांच्या बाजूने रेघ मारून घेतली आणि घरी आलो. रंग वाळायच्या आत त्यांनी थिनरचं फडकं घेऊन तेवढा तुकडा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पाटी लागली. माल ठेवायच्या पॅलेटची फळी, लाल रंग, रंगाचे ओघळ खाली आलेले: 'येथे रेघ मारू नये.' जगात कुणी कधी लावली नसेल अशी पाटी. बाकीच्या मनाया निदान हजारो लोकांसाठी असतात. ही एका म्हाताऱ्यासाठी होती, आणि त्याच्या घराशेजारी.

अध्यक्ष म्हणाले, "थांबा, मी बोलतो त्याच्याशी. न्हाई म्हनायची टाप हाय का त्याची?" आत गेले. बऱ्याच वेळाने आले. मिशीला फरसाण लागलेलं होतं. "त्यो म्हनतो इचार करतो. आपन जरा दमानं घेऊ." दमानं घ्यायला त्यांचं काय जात होतं, तोंडातलं फरसाण तेवढं संपवायचं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी काय होतं ते सांगते, कारण मी कंपनीच्या बससाठी त्याच वेळी निघते. जाताना काकू हात धरून काकांना रेघेवर आणून सोडतात आणि घरात जातात. काका दूध घेऊन येतात. बोळाशी थांबून बोट दाखवतात. पुढे येतात. रेघ जिथे संपते तिथे थांबतात. समोर पुसलेल्या रंगाचा पिवळा डाग, शेजारी लाल पाटी, आणि डागापलीकडे त्यांचं स्वतःचं दार. काकू दारातून हाका मारतात, "या, या इकडं." काका दाराकडे बघतात आणि उभे राहतात. मी असले तर हात धरून नेते. काकू गुडघे धरत पायऱ्या उतरून आल्या तर त्या नेतात.

आणि बहुतेक वेळा, काय सांगू, हवावालेच नेतात. ते पहिल्या शिफ्टला निघतात, मोटारसायकल काढतात, तर पुढ्यात काका. हॉर्न वाजवतात. काका हात वर करतात, फोर्कलिफ्टला करतात तसा, पण हलत नाहीत. हवावाले पुन्हा हॉर्न वाजवतात. मग गाडी स्टँडवर लावतात, "काय राव हे रोजचं," असं म्हणत काकांचा दंड धरतात, स्वतःच्याच पाटीला वळसा घालून त्यांना दारापर्यंत पोचवतात, परत येतात, आणि गाडी सुरू करून निघून जातात. पाटी काढत नाहीत. मी एकदा विचारलं, "तुम्हालाच त्रास होतो, मग रेघ मारू द्या ना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

मागच्या आठवड्यात ते दुसऱ्या शिफ्टला होते, म्हणजे सकाळी झोपलेले. माझी बस लवकर होती. काकू न्हाणीघरात होत्या. काका रेघेच्या टोकाशी आले, थांबले, कुणी आलं नाही. मग ते मागे वळले, कारण रेघ तेवढी एकाच दिशेला उरली होती, आणि गॅरेजपर्यंत परत गेले. तिथून पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. गॅरेजवाल्याने त्या दिवशी उशिरा शटर उघडलं तेव्हा दुधाची पिशवी हातातच होती, दूध उन्हाने तापलं होतं. त्याने घरी आणून सोडलं. हैदराबादच्या मुलाला कुणीतरी फोनवर ते सांगितलं. आमची गल्ली ब्रश धरत नाही पण फोन तत्परतेने करते. तो म्हणाला, "आई, बास झालं, कुलूप लाव." काकूंनी अजून लावलेलं नाही. ग्रिलच्या आत खिळ्याला टांगून ठेवलंय.

चैत्रात हवावाल्यांच्या गावची जत्रा असते आणि ते सहकुटुंब जातात. दरवर्षी जाताना गेटवर 'घरात माणसं आहेत' अशी पाटी लावून जातात, म्हणजे सगळ्यांना कळतं की नाहीत. रंग वाळून पक्का व्हायला तेवढा वेळ पुरे. फडक्याने निघणार नाही. अध्यक्षांना मी काही सांगितलेलं नाही, ते फरसाणावर फुटतील.

रंगाचा डबा आमच्या जिन्याखाली. झाकण घट्ट आहे का ते रविवारी बघितलं, आहे. ब्रश धुऊन वाळवलेले. दोरी आणि निळीची पुडी गॅरेजवाल्याकडे. काकूंना कुलूप थोडे दिवस खिळ्यावरच ठेवायला सांगितलंय.

राहिलेलं काम: हवावाल्यांच्या दारासमोरची रेघ, दोन्ही बाजू. ते अजून गावी गेलेले नाहीत.